सोंवळें कोणासाठीं?

गेले दोन महिने हें सदर आलें नाहीं, म्हणून कित्येक वाचकांनीं व वाचकभगिनींनीं आपुलकीनें चौकशीचीं पत्रें पाठविलीं. प्रत्येकास निराळें उत्तर लिहिणें मला जमलें नाहीं. तें आज येथेंच देतों. माझे वडील बंधु, ज्यांस घरांतील लहानथोर सारे दादाच म्हणतात, ते पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बत्तीस दिवस रुग्णालयांत होते, आणि त्यांपैकीं एकवीस दिवस अतिदक्षता विभागांत. वय वर्षें शहात्तर. आमचें कुटुंब एकत्र, तेव्हां पाळीपाळीनें बसावयास माणसें पुष्कळ. परंतु मी पडलों सेवानिवृत्त शाळामास्तर, म्हणून सकाळची पाळी बहुधा माझ्याकडेच येई. त्या दिवसांत जें पाहिलें आणि मागाहून जें समजून घेतलें, तें कोणत्याहि घरास केव्हांहि उपयोगीं पडण्यासारखें आहे, असें वाटल्यावरून आज तोच विषय घेतों.

पहिल्या सकाळचा प्रसंग प्रथम सांगितला पाहिजे. वहिनींनीं कुलदेवतेचा अंगारा पुडींत बांधून दिला होता. मी आंत गेलों तों दादा नळ्यांच्या जाळ्यांत निपचित पडलेले. पुडी सोडून त्यांच्या कपाळाकडे हात नेला, इतक्यांत एक परिचारिका, माझ्या नातीपेक्षां चार-पांच वर्षांनींच मोठी असेल, झटकन् मध्यें आली आणि म्हणाली, "आजोबा, आधीं हात." तिनें भिंतीवरच्या बाटलीकडे बोट दाखविलें.

मला राग आला, हें लपवीत नाहीं. मी म्हणालों, "मुली, मी स्नान-संध्या आटोपून, धुतलेले कपडे घालून आलों आहें."

"स्नान घरीं झालें, आजोबा. त्यानंतर तुम्हीं रिक्षाचा दांडा धरलात, जिन्याचा कठडा धरलात, या दाराची मूठ धरलीत. त्यांतलें यांना काय काय द्यायचें आहे?"

आयुष्यभर मुलांना निरुत्तर करण्याचा धंदा केला. त्या दिवशीं मी निरुत्तर झालों. बाटलींतील द्रव घेऊन तो वाळेपर्यंत हात चोळले. पुडीकडे पाहून ती सौम्यपणें म्हणाली, "ती खिशांतच असूं द्या. देवाला पोंचेल." पुढें तिचा माझा चांगला स्नेह जमला.

तिच्याकडून आणि आमच्या पुतणीकडून मी जें शिकलों तें थोडक्यांत असें. ही पुतणी म्हणजे दादांचीच मुलगी. ती एका वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजंतुशास्त्र शिकविते. धडधाकट माणसाच्या शरीरास निसर्गानें तट बांधून दिलेला आहे. कातडी हा तो तट. खोकला, नाकांतील केंस, जठरांतील आम्ल हे त्याचे पहारेकरी. अतिदक्षता विभागांतील रोग्याच्या या तटास आपण स्वतःच, त्याचा जीव वाचविण्यासाठीं, दारें पाडतों. मानेच्या शिरेंतून हृदयाजवळ पोंचणारी नळी हें पहिलें दार. तिच्यावाटे औषध जातें, पण तिच्या कडेनें कातडीवरील जंतु थेट रक्तांत उतरूं शकतात. घशांतून श्वासनलिकेंत घातलेली नळी हें दुसरें. तिच्यामुळें यंत्र श्वास देतें, पण रोग्याचा खोकला लंगडा पडतो आणि तोंडांतील लाळ झिरपून फुफ्फुसांत जाते. मूत्राशयांतील नळी हें तिसरें दार. हीं दारें पाडल्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून त्यांवर पहारा ठेवणें हें तेथील प्रत्येक माणसाचें काम होय.

या पहाऱ्यांतील कित्येक गोष्टी आपणां घरच्यांस निष्ठुर वाटतात. दादांच्या खाटेची उशाकडील बाजू सदैव उचललेली असे. त्यांची मान अवघडत असेल म्हणून मी ती खालीं करावयास सांगितलें. तेव्हां कळलें कीं श्वासयंत्रावरील रोग्याचें डोकें ३० ते ४५ अंशांनीं उंच ठेवतात, तें जठरांतील द्रव वर येऊन फुफ्फुसांत उतरूं नये म्हणून. वहिनी चमचाभर गंगाजल घालूं पाहत होत्या. तेंहि याच कारणास्तव नाकारलें गेलें. आमची माया आणि त्यांचें शास्त्र यांचा असा रोज झगडा होई, आणि बहुतेक वेळां शास्त्रच खरी माया ठरे.

आतां दुसरी बाजू. सहाव्या दिवशीं सकाळीं एक ज्येष्ठ डॉक्टर घाईनें आले. पलीकडच्या खाटेवरचा रोगी तपासून, हातांतील फोन खिशांत टाकून, त्यांनीं तसाच दादांच्या मानेवरील पट्टीस हात घातला, नळी पाहिली आणि निघून गेले. बाटली भिंतीवर जेथल्या तेथें. परिचारिकेनें पाहिलें, मींहि पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं. मागाहून मीं तिला विचारलें, "मला अडविलेंस, त्यांना कां नाहीं?" ती चादर सारखी करीत हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही रागावलांत तर फार तर घरीं जाऊन बोलाल. ते रागावले तर मला घरीं जावें लागेल."

नवव्या दिवशीं दादांस हुडहुडी भरून ताप आला. रक्ताची तपासणी झाली. जंतु नळीवाटेच रक्तांत शिरले असा निष्कर्ष निघाला. ती नळी काढली, दुसरीकडे नवी घातली, भारी औषधें सुरू झालीं. शस्त्रक्रियेपासून सावरूं लागलेला माणूस पुन्हा मृत्यूच्या दारांत गेला. मनांतल्या मनांत मीं त्या डॉक्टरांवर खटला भरला, साक्षीपुरावे घेतले, आणि निकाल देणार तोंच एक गोष्ट आठवली. त्याच सहाव्या दिवशीं, डॉक्टर गेल्यावर, मानेवरच्या पट्टीचा एक कोपरा सुटलेला मला दिसला होता, आणि तो मीं बोटानें दाबून बसविला होता. त्यापूर्वीं हात स्वच्छ केले होते काय? आठवत नाहीं, आणि ज्या अर्थीं आठवत नाहीं, त्या अर्थीं केले नव्हते. बाटली दोन हातांवर होती. पहिल्या दिवसाचा धडा तोंडपाठ होता. तरीहि.

तो जंतु कोणाच्या बोटावरून गेला, हें कोणासहि कधीं कळणार नाहीं. परंतु खटला मीं काढून घेतला, आणि पुतणीस विचारलें, "हें लोकांस ठाऊक नसतें म्हणून होतें, कीं ठाऊक असूनहि होतें?"

तिनें सांगितलें तें असें. ज्ञान कमी पडतें हें तर खरेंच. युरोपांतील २२ देशांतल्या अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या ३,४०५ परिचारिकांची, या शिरेंतील नळीचा संसर्ग कसा टाळावा याविषयीं लेखी परीक्षा घेण्यांत आली. तिचा निकाल २००९ सालीं प्रसिद्ध झाला. सरासरी गुण पडले शंभरांत ४४.४. ज्यांची नोकरी जुनी त्यांस थोडे अधिक. शाळेंत एवढ्या गुणांस मीं पुष्कळांस उत्तीर्ण केलें आहे; पण गणितांत गेलेले गुण वहींत राहतात, आणि हे गेलेले गुण कोणाच्या तरी मानेशीं येऊन बसतात. तेव्हां शिकविणें पाहिजे, पुनःपुन्हा पाहिजे, यांत वाद नाहीं.

"पण काका," ती पुढें म्हणाली, "हात स्वच्छ करावेत हें न शिकलेला डॉक्टर तुम्ही पाहिला आहे काय?" २०१० सालीं निरनिराळ्या रुग्णालयांतील पाहण्या एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक रुग्णालयें सधन देशांतील होतीं. हात स्वच्छ करावयास पाहिजे होते अशा शंभर वेळांपैकीं ते स्वच्छ केले गेले सुमारें ४० वेळां. परिचारिकांचा आंकडा ४८, डॉक्टरांचा ३२. कामाचा बोजा जेथें अधिक तेथें हें प्रमाण आणखी घसरतें, म्हणून सारा दोष माणसांच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. परंतु त्याच आढाव्यांत आणखी दोन आंकडे होते, ते ऐकून मी दचकलों. रोग्यास हात लावल्यानंतर हात धुण्याचें प्रमाण ४७. हात लावण्यापूर्वीं धुण्याचें प्रमाण २१.

वाचकांनीं या दोन आंकड्यांवर क्षणभर थांबावें, अशी माझी विनंति आहे. नंतरचें धुणें हें बव्हंशीं स्वतःस जपण्यासाठीं असतें, आधींचें धुणें दुसऱ्यासाठीं असतें. ज्ञान दोहोंचें सारखेंच. परंतु स्वतःच्या जिवाची गोष्ट आली कीं हात आपोआप नळाकडे जातो, आणि परक्याच्या जिवाची आली कीं त्यास आठवण करून द्यावी लागते.

आपल्या घरांत सोंवळ्याची परंपरा मोठी. माझी आई सोंवळ्यांत असतां आम्हां मुलांस स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडतां येत नसे. त्या शिस्तीचा मला आजहि अभिमान वाटे. परंतु दादांच्या खाटेशेजारीं बसून विचार करतां एक गोष्ट स्पष्ट झाली. आमचें सोंवळें हें दुसऱ्याचा विटाळ मला होऊं नये म्हणून होतें. त्याच भावनेनें आम्हीं माणसांस दूर ठेविलें, आणि त्याचें पाप आमच्या माथीं आहे. त्या परिचारिकेचें सोंवळें नेमकें उलट होतें. माझा विटाळ दुसऱ्यास होऊं नये, असें तें. पहिल्यांत शुद्ध मी असतों आणि अशुद्ध जग असतें. दुसऱ्यांत अशुद्ध मी असतों, आणि समोर निजलेला निराधार देह हा देवघरासारखा जपावयाचा असतो.

यावरून चरकसंहिता आठवली. तिच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि प्रत्येकाचे चार-चार गुण. परिचारकाचे गुण उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शौच असे आहेत. वैद्याच्या गुणांतहि शास्त्रज्ञान आहे, अनुभव आहे, दक्षता आहे, आणि शेवटीं पुन्हा शौच आहेच. तरुणपणीं हें प्रकरण मीं पाठ केलें, परंतु ज्ञान आणि शौच हे दोन गुण निरनिराळे कां मोजले, हा प्रश्न मला कधीं पडला नाहीं. एक असला म्हणजे दुसरा आपोआप येतो असें नाहीं, म्हणूनच ते निरनिराळे मोजले असले पाहिजेत, असें आतां वाटतें.

मग ज्ञानास आचाराची जोड कशी मिळते? एकट्यादुकट्याच्या तळमळीनें ती फार काळ टिकत नाहीं, हें व्हिएन्ना येथील उदाहरणावरून दिसतें. तेथील मोठ्या रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टर व विद्यार्थी यांच्याकडे, दुसरा सुइणींकडे. डॉक्टरांच्या विभागांत बाळंतज्वरानें मृत्यु अधिक होत. डॉ. सेमेलवाइस यांनीं ताडलें कीं शवविच्छेदन करून आलेले हातच हें विष घेऊन येतात. आणि १८४७ च्या मे महिन्यांत त्यांनीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली. एप्रिलमध्यें शेंकडा १८ वर असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा २ च्या आसपास आलें. तरीहि समव्यवसायी लोकांस, आपले हात मलिन आहेत, हें मान्य करवेना. १८४९ सालीं सेमेलवाइस यांची नेमणूक पुढें चालविण्यांत आली नाहीं. १८६५ सालीं एका वेड्यांच्या इस्पितळांत त्यांचा अंत झाला.

दुसरें उदाहरण आपल्या काळांतलें. २००१ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनीं, शिरेंत नळी घालतांना करावयाच्या पांच गोष्टी एका कागदावर लिहिल्या. साबणानें हात धुणें. रोग्याची कातडी क्लोरहेक्सिडीननें पुसणें. रोग्याचें सर्व अंग निर्जंतुक वस्त्रानें झांकणें. स्वतः टोपी, मुखपट्टी, झगा व हातमोजे घालणें. आणि नळीवर निर्जंतुक पट्टी लावणें. यांत नवें कांहींच नव्हतें. सर्व डॉक्टरांस हें ठाऊक होतें. त्यांनीं परिचारिकांस महिनाभर नुसतें पाहून टिपून ठेवावयास सांगितलें. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रोग्यांच्या बाबतींत एखादी तरी पायरी गळलेली आढळली. मग त्यांनीं रुग्णालयाच्या चालकांकडून असा अधिकार मिळवून दिला, कीं पायरी गळतांना दिसली तर परिचारिकेनें डॉक्टरांस थांबवावें, आणि चालकांनीं तिची पाठ राखावी. वर्षभर पाहिलें तों दहा दिवसांच्या आंत होणारा नळीचा संसर्ग शेंकडा ११ वरून शून्यावर आला. पुढें मिशिगन राज्यांतील १०३ अतिदक्षता विभागांत हाच प्रयोग झाला. त्यांत लागणारें सर्व साहित्य एका ढकलगाडीवर तयार ठेवण्याची व्यवस्थाहि होती. दर हजार नळी-दिवसांमागें ७.७ असलेली सरासरी दीड वर्षांत १.४ वर उतरली. २००६ च्या अखेरीस हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. सामान्य वाचकांपर्यंत तो पोंचविणारे शस्त्रवैद्य डॉ. अतुल गावंडे यांचे वडील विदर्भांतील उटी गांवचे, हें वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. हें यश ऐकून इंग्लंडांत २००९ पासून तशीच योजना झाली. संसर्ग तेथेंहि उतरला. परंतु ज्या विभागांत योजना अजून सुरू व्हावयाची होती, तेथेंहि तो तसाच उतरत होता. कित्येक ठिकाणीं त्या कागदाकडे वरून आलेला आणखी एक हुकूम म्हणून पाहिलें गेलें. हजेरीपटावर खूण केल्यानें मुलगा वर्गांत बसतो असें नाहीं, हें मजइतकें कोणास ठाऊक असणार? बाल्टिमोरास गुण आला तो त्या पांच ओळींच्या कागदापेक्षां, कनिष्ठ माणसानें बोललेलें ऐकून घेण्याची वरिष्ठांनीं केलेली तयारी हिचा अधिक.

आपल्या देशांत या गोष्टीची निकड अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वृत्तांताप्रमाणें रुग्णालयांत राहिलेल्या दर शंभर रोग्यांपैकीं सधन देशांत ७ जणांस, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांस तेथेंच एखादा संसर्ग जडतो. आणि अशा दहांपैकीं एक दगावतो. परिचारिका थोड्या, रोगी फार, आणि प्रत्येक रोग्यामागें आमच्यासारखें गोतावळ्याचें घर. म्हणून घरच्या माणसांनीं काय करावें, तें सांगून आटोपतों.

आंत जातांना अंगठ्या, मनगटांतील गंडेदोरे व घड्याळ काढून ठेवावें. रोग्यास, त्याच्या खाटेस वा नळीस हात लावण्यापूर्वीं आणि लावल्यानंतर, दोन्ही वेळां हात स्वच्छ करावे. बाटलींतील द्रव असेल तर तो वाळेपर्यंत, म्हणजे वीस-तीस सेकंद, आणि हात मळलेले असतील तर साबण-पाण्यानें पाऊण-एक मिनिट. पट्टी सुटली असेल तर बोलवावें, आपण बसवूं नये. फुलें, प्रसाद, तीर्थ बाहेर ठेवावें. सर्दी-खोकला असलेल्यानें प्रेम घरूनच करावें. पाळीस एकच माणूस बसावा. आणि रोज एकदां नम्रपणें विचारावें, "ही नळी आजहि हवी आहे काय?" अनावश्यक नळी जितकी लौकर निघेल तितकें एक दार लौकर बंद होतें.

शेवटचें काम सर्वांत अवघड, आणि तें मींहि फार उशीरां केलें. तेराव्या दिवशीं तेच ज्येष्ठ डॉक्टर घाईनें आले. मी उठलों, भिंतीवरील बाटली काढून त्यांच्यापुढें धरली आणि म्हणालों, "डॉक्टरसाहेब, आधीं हात." माझा आवाज कांपत होता. ते क्षणभर थबकले, मग हात पुढें करीत म्हणाले, "बरें केलेंत, गुरुजी. असेंच सांगत जा." परिचारिका पाठमोरी होऊन कांहींतरी लिहीत होती. मी थांबलों होतों तो डॉक्टर रागावतील या भयानें. ते तसे नव्हतेच. सातव्या दिवशींच बोललों असतों तर दादांचा ताप टळला असता, असें मी म्हणत नाहीं. पण बोलावयास हवें होतें, हें खरें.

दादा आतां घरीं आहेत. माडीवरील त्यांच्या खोलींत चढून जाणें त्यांस पुन्हा झालें नाहीं. खाट खालीं माजघरांत आणली आहे. रोज सकाळीं मी त्यांच्यापाशीं जातों, आणि जाण्यापूर्वीं नळाशीं थांबतों. दादा हंसून म्हणतात, "अरे, आतां मी बरा झालों ना?" मीं त्यांना तो पट्टीचा कोपरा अजून सांगितलेला नाहीं. हें सदर ते दरमहा वाचतात. तेव्हां आतां त्यांस कळेलच.